हत्तीचे कान काय सांगतात?



माझ्या लहानपणी आमच्या हुबळीच्या देशपांडे नगरात वर्षाकाठी एकदोनदा हत्ती येत असे. त्याच्या गळ्यातील घंटेचा संथ, जड नाद गल्लीच्या टोकाशी ऐकू आला की आम्ही मुले पाटीदप्तर टाकून फाटकाशी धावत असू. आई सुपातून तांदूळ आणि एक नारळ आणून देई. हत्ती सोंड कपाळाला लावून सलाम करी. माहूत दोन शब्द आशीर्वादाचे बोले. हे सारे होत असता आमचे डोळे मात्र एकाच गोष्टीवर खिळलेले असत. हत्ती उभा राहिला की डोलू लागे. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, घड्याळाच्या लंबकाप्रमाणे. शेजारची कानडी मुले टाळ्या पिटून ओरडत, 'आने कुणीतैती!' हत्ती नाचतो आहे! आम्हीही टाळ्या वाजवीत असू. मला वाटे, तांदूळ मिळाले म्हणून त्याला आनंद झाला असावा.

पुढे शिक्षिका झाल्यावर मुलांना शिकविण्यासाठी म्हणून वाचू लागले, तेव्हा कळले की तो आनंद नव्हता. साखळदंडात वर्षानुवर्षे राहिलेले, कळपापासून तोडलेले हत्ती असे एकसारखे डोलतात. जंगलात मोकळा फिरणारा हत्ती असा तासन् तास डोलत नाही. आम्ही ज्या गोष्टीला टाळ्या देत होतो ती त्याच्या कोंडलेपणाची खूण होती. हे वाचले त्या दिवशी मला फार ओशाळल्यासारखे झाले. एवढा मोठा प्राणी आमच्या दारात उभा राहून इतक्या उघडपणे काही सांगत होता आणि आम्ही त्याचा नेमका उलटा अर्थ लावीत होतो.

आज मी बोलणार आहे ते याच विषयावर. हत्ती आपल्या कानांनी, सोंडेने, मानेने, पायांनी काय बोलतो, आणि आपण ते कसे चुकीचे वाचतो.

प्रथम कानांविषयी. गजाननाचे एक नाव शूर्पकर्ण असे आहे. म्हणजे सुपासारखे कान असलेला. उपमा अगदी अचूक आहे, कारण सुपाप्रमाणेच हे कान वारा घालण्याच्याही कामी येतात. हत्तीच्या अंगाला घाम जवळजवळ येतच नाही. घामाच्या ग्रंथी काय त्या पायांच्या नखांपाशी असतात. एवढ्या प्रचंड देहातील उष्णता बाहेर टाकायची कशी, तर कानांतून. कानाची मागची बाजू पाहिली तर तेथे शिरांचे जाळे दिसते आणि तेथील कातडी पातळ असते. कान हलला की त्या शिरांतील रक्त निवते आणि निवलेले रक्त शरीरात परत जाते. म्हणून भर दुपारी हत्ती कान भराभर हलवितो आणि पहाटेच्या गारव्यात सावकाश.

तेव्हा हत्ती कान हलवितो आहे याचा पहिला अर्थ अगदी साधा आहे: त्याला उकडते आहे, किंवा माश्या त्रास देत आहेत, आणि त्याचे मन दुसऱ्या कशात गुंतलेले नाही. चरणाऱ्या हत्तीचे कान आपल्या हातातील पंख्यासारखे नकळत चालू असतात. गप्पा मारता मारता पंखा हलवीत बसलेल्या आजीबाईच्या कानी काही विशेष पडले, तर तिचा पंखा आपोआप थांबतो. हत्तीचेही तसेच आहे. हत्तीच्या जवळ जाणाऱ्याने कान हलतात कधी यापेक्षा ते थांबतात कधी, इकडे लक्ष दिले पाहिजे.

हे मला पुस्तकाने शिकविले नाही; घरातल्या एका प्रसंगाने शिकविले.

माझे आजोळ सिंधुदुर्ग जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या खोऱ्यात आहे. माझ्या लहानपणी तेथे रानडुकरांची, माकडांची भीती असे, वाघाच्या गोष्टी सांगत. पण हत्तीचे नाव कोणी काढीत नसे. सन २००२ च्या सुमारास कर्नाटकातील जंगलांतून हत्ती घाट उतरून या तालुक्यात आले. त्यानंतर दोनएक वर्षांत कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड, आजरा या भागांतही ते दिसू लागले. आले ते पाहुणे म्हणून, आणि राहिले. त्यांना केळी मिळाली, माड मिळाले, पिकलेला फणस मिळाला, भाताची शेते मिळाली, तिलारीच्या धरणाचे पाणी मिळाले. ज्याच्या बागेत शिरतात त्याचे वर्षाचे उत्पन्न एका रात्रीत जाते. हे ऐकून माहीत असणे वेगळे आणि सकाळी उठून मोडलेले माड मोजणे वेगळे.

माझा मामेभाऊ एका उन्हाळ्यात पहाटे काजू वेचायला बागेत गेला. बागेच्या कडेला, सुमारे शंभर पावलांवर, एक टस्कर केळी मोडून खात उभा होता. आमच्याकडे सुळेवाल्या नराला आता सगळे टस्करच म्हणतात. हा शब्द वनखात्याकडून आला आणि घराघरांत रुजला. हत्तीचे कान संथ हलत होते. भावाने मनात म्हटले, स्वारी खुशीत आहे. हे त्याचे अनुमान काही अगदीच चूक नव्हते. त्याने मोबाइल काढला आणि छायाचित्र घेण्यासाठी तो चार पावले पुढे सरकला. पायाखाली वाळकी फांदी मोडली.

कान थांबले. सोंडेतले केळीचे पान सोंडेतच राहिले. भावाला वाटले, हत्ती घाबरला किंवा चांगला शांत झाला. मग हत्तीने सोंडेचे टोक वर करून हवेत वळविले आणि पुढचा एक पाय जमिनीपासून किंचित उचलून मागेपुढे हलविण्यास सुरुवात केली. भावाला वाटले, आता हा चालायला लागणार, निघून जाणार. त्यानंतरचे त्याला एवढेच आठवते की दोन्ही कान डोक्याच्या दोन बाजूंना एकदम दारांसारखे उघडले आणि तो हत्ती होता त्याच्या दीडपट दिसू लागला. भाऊ पळाला, आणि पळता पळता पाणी जाण्यासाठी खणलेल्या चरात पडला. हत्ती चीत्कार करीत वीसपंचवीस पावले आला, थांबला, पायाने माती उडविली, आणि वळून जंगलात गेला. एक हात मोडण्यावर निभावले.

मी त्याला भेटायला गेले तेव्हा तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, की हत्तीने काही इशाराच दिला नाही. प्रत्यक्षात हत्तीने त्याला एकामागून एक चार इशारे दिले होते, आणि चौथा सोडला तर प्रत्येकाचा अर्थ त्याने स्वतःच्या सोयीने लावला होता.

ते इशारे आपण नीट पाहू. कान थांबणे म्हणजे हत्ती ऐकतो आहे. हत्तीची दृष्टी बेताचीच असते, आणि भगभगीत उजेडात तर आणखी कमी. त्याचा सारा भरवसा नाकावर आणि कानांवर. नीट ऐकायचे तर स्वतःच्या कानांची फडफड आणि स्वतःच्या चघळण्याचा आवाज आधी बंद केला पाहिजे, म्हणून तो दगडासारखा स्तब्ध होतो. कळपातील एक हत्तीण अशी थबकली की पाहता पाहता सगळा कळप थबकतो. सोंडेचे टोक वर करून फिरविणे म्हणजे वास घेणे: कोण आहे, कोठे आहे, किती आहेत. आणि पुढचा पाय अधांतरी हलविणे ही अनिश्चयाची खूण आहे. जावे की थांबावे, पुढे की मागे, याचा निर्णय झालेला नाही. आफ्रिकेतील आणि आपल्याकडील अभ्यासकांनी ही खूण वारंवार नोंदविलेली आहे. परीक्षेत उत्तर न सुचलेला मुलगा पेन्सिल चावतो, तसलाच हा प्रकार. याच वेळी हत्ती कधी उगाच गवत उपटून पायावर झटकतो पण खात नाही, कधी सोंडेने स्वतःच्याच तोंडाला किंवा कानशिलाला स्पर्श करतो, कधी सोंडेचे टोक जमिनीवर आपटून घुमणारा आवाज काढतो. शेपूट ताठ होऊन अंगापासून दूर उभे राहिले, तर तीही अस्वस्थतेची निशाणी. ही घटका मोठी मोलाची असते, कारण अजून हत्तीने काही ठरविलेले नसते. माणसाने गुपचूप, त्याच्याकडे पाठ न करता मागे सरकावे अशी ती वेळ.

त्यानंतरचा चौथा इशारा म्हणजे कान पसरून, डोके उंच करून समोर उभे राहणे. आफ्रिकेच्या हत्तीचे कान फार मोठे, म्हणून त्याचा हा अवतार छायाचित्रांत भयंकर दिसतो. आपल्या हत्तीचे कान त्या मानाने लहान. पण तेही काटकोनात उघडले की समोरच्याच्या छातीत धडकी भरते. उद्देश तोच असतो. 'मी केवढा आहे ते पाहा आणि दूर हो.' अशा वेळी हत्ती धावून येतो तो पुष्कळदा नुसता धाक दाखविण्यासाठी. आवाज करतो, धूळ उडवितो, आणि मध्येच थांबतो. माझ्या भावाच्या वाट्याला आले ते हे सोंग. खरा हल्ला बहुधा निराळा असतो: डोके खाली, सोंड आत वळविलेली, कान मागे घेतलेले, आणि तोंडातून आवाज नाही. 'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. हत्ती पुस्तके वाचून धावत नाहीत, आणि सोंग म्हणून सुरू झालेली धाव समोरचा पळू लागला की खरी होऊ शकते. एप्रिल २०२५ मध्ये याच दोडामार्ग तालुक्यात एका वृद्ध शेतकऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात बळी गेला. त्या बिचाऱ्याला कोणते इशारे मिळाले, मिळाले की नाही, हे सांगायला तो राहिला नाही.

हत्तीची एक अवस्था अशी आहे की तेव्हा इशारे वाचीत बसण्यात अर्थच नसतो. ती म्हणजे मद. डोळा आणि कान यांच्या मध्ये असलेल्या ग्रंथीतून काळपट स्राव गालावर ओघळतो, मूत्र थेंबथेंब गळत राहते, मान उंच, हनुवटी आत आणि चाल अकडलेली. आपल्या भाषेने ही अवस्था नीट टिपून ठेवली आहे: मस्ती, मस्तवाल, मदोन्मत्त हे आपले रोजचे शब्द सारे हत्तीच्या गालावरून आलेले आहेत असे म्हटले तरी चालेल. संस्कृत कवींनी तर त्या मदस्रावाभोवती भुंग्यांचे थवेच्या थवे जमविले. पण गंमत अशी की आफ्रिकेच्या हत्तीलाही मद येतो हे शास्त्राने मान्य केले ते फार उशिरा, १९८१ मध्ये. केनियातील अंबोसेली येथे जॉयस पूल आणि सिंथिया मॉस या दोन स्त्रियांनी ते दाखवून दिले. अशा मदातील जंगली नराशी गाठ पडणे किती भयंकर असते हे आपण ४ डिसेंबर २०२३ रोजी पाहिले. म्हैसूरच्या दसऱ्यात आठ वर्षे सोन्याची अंबारी वाहिलेला अर्जुन हा हत्ती सकलेशपूरच्या रानात एका जंगली हत्तीला पकडण्याच्या मोहिमेवर असताना त्या हत्तीशी झालेल्या झुंजीत मारला गेला.

आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक नव्हते असे नाही. ज्या कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य आमच्या धारवाडच्या मुलखावर होते, त्यांच्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात हत्ती कसे धरावे, कसे पारखावे, त्यांचा मद कसा ओळखावा, याचे विस्तृत वर्णन आहे. आम्ही मराठीचे शिक्षक या ग्रंथाचे नाव घेतो ते त्यातील जुन्या मराठीच्या नमुन्यांसाठी. हत्तींची प्रकरणे मात्र चाळून पुढे जातो. मीही तेच करीत आले. भाऊ चरात पडेपर्यंत मला ती उघडावीशी वाटली नाहीत.

आतापर्यंत मी भीतीच्या आणि रागाच्याच खुणा सांगितल्या. पण हत्ती आपापसांत बोलतात ते मुख्यतः मायेचे. थोडा वेळ दुरावलेल्या हत्तिणी पुन्हा भेटल्या की त्या कान उचलून भराभर फडफडवितात, घशातून खोल घुमारा काढतात, सोंडेचे टोक एकमेकींच्या तोंडात घालतात. पिल्लू तर येताजाता आईच्या, मावशीच्या तोंडात सोंड घालून त्या काय खात आहेत याची चौकशी करते. थायलंडमध्ये जोशुआ प्लॉटनिक आणि फ्रान्स द वाल यांनी आपल्याच जातीच्या हत्तींवर अभ्यास करून २०१४ मध्ये असे दाखविले, की एक हत्ती घाबरला तर शेजारचा त्याच्याजवळ जाऊन सोंडेने त्याच्या तोंडाला स्पर्श करतो आणि बारीक चिवचिवाट केल्यासारखा आवाज काढतो. एवढ्या अजस्र प्राण्याने चिवचिवावे हे ऐकून माझ्या वर्गातील मुले पोट धरून हसली होती.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले झिंबाब्वेतील एक संशोधन मला शिक्षिका म्हणून विशेष आवडले. व्हेस्टा एलेउटेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या सहवासात वाढलेल्या नऊ हत्तींच्या भेटीगाठी बारकाईने टिपल्या. त्यांना आढळले की समोरचा हत्ती आपल्याकडे पाहत असेल तर भेटायला आलेला हत्ती कान पसरण्यासारख्या डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा करतो. आणि समोरच्याचे लक्ष दुसरीकडे असेल तर तो त्याला स्पर्श करतो किंवा आवाज होईल अशी हालचाल करतो. म्हणजे समोरच्याला आपण दिसतो की नाही, याचे त्याला भान असते. वर्गाचे लक्ष फळ्याकडे असेल तर शिक्षकाचा हात पुरतो. लक्ष खिडकीबाहेर असेल तर टेबलावर डस्टर आपटावा लागतो. हे ज्ञान मला नोकरीच्या पहिल्या वर्षी मोठ्या कष्टाने मिळाले होते.

आणि कानांची ही फडफड पुष्कळदा आवाजाला जोडूनच येते, ज्यातला काही आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. याचा शोध लागला त्याची हकीकत सांगितल्यावाचून मला राहवत नाही. १९८४ च्या मे महिन्यात केटी पेन नावाच्या अमेरिकन बाई पोर्टलँडच्या प्राणिसंग्रहालयात आपल्या आशियाई हत्तींच्या पिंजऱ्याशी बसून होत्या. त्यांना अधूनमधून हवेत एक धडधड जाणवे, पण कानांना काही ऐकू येत नसे. परतताना त्यांना आठवले, की लहानपणी त्या चर्चच्या गायकवृंदात गात असत तेव्हा ऑर्गनच्या सर्वांत मोठ्या नळ्या वाजू लागल्या की असेच वाटे. सूर ऐकू येण्याऐवजी अंगाला जाणवे. मग यंत्रांनी तपासले, तेव्हा सेकंदाला १४ ते २४ कंपनांचे घुमारे सापडले. माणसाचा कान साधारण २० कंपनांच्या खाली ऐकत नाही. हा आवाज निघतो तेव्हा हत्तीच्या कपाळाची कातडी, सोंड सुरू होते त्या जागी, थरथरते. मी स्वतः रविवारी चर्चमध्ये गाते. पण आमची साथ हार्मोनियमची असल्यामुळे अशा शोधाचा योग माझ्या नशिबी नव्हता.

शिमोग्याजवळ तुंगेच्या काठी सक्रेबैलू येथे वनखात्याचे हत्तींचे शिबिर आहे. एका सहलीला मी मुलांना तेथे घेऊन गेले होते. सकाळची वेळ, माहूत हत्तींना नदीत घालून घासूनपुसून आंघोळ घालीत होते. एका वयस्क माहुताला मी विचारले, तुम्ही त्याला आज्ञा कशी देता? त्याने अर्ध्या उर्दूत, अर्ध्या कानडीत सांगितले की तोंडाचे शब्द आहेतच, पण खरे बोलणे पायाच्या अंगठ्याने होते. माहूत मानेवर बसतो तेव्हा त्याचे पाय हत्तीच्या कानांच्या मागे असतात; तेथे अंगठा दाबला की हत्ती वळतो, थांबतो, बसतो. आणि मग तो म्हणाला, की माझा अंगठा त्याला सांगतो तसा त्याचा कान माझ्या अंगठ्याला सांगतो. कान ताठला तर मला डोळ्यांनी पाहावे लागत नाही. त्यानेच मुलांना आणखी एक गोष्ट दाखविली: हत्तीच्या कानाची वरची कड वयाबरोबर पुढे दुमडत जाते, तरुणाची सरळ आणि म्हाताऱ्याची वळलेली. एका मुलीने लगेच माझ्या कानांकडे पाहिले, ते मी पाहिले नाही असे दाखविले.

ज्यांनी आयुष्य हत्तींना वाहिले असे एक गृहस्थ आमच्या शेजारीच, बेळगावात, राहत होते. अजय देसाई. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे त्यांनी मुदुमलाईच्या जंगलात हत्तींच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून ते किती दूरवर फिरतात याचा अभ्यास केला, आणि आशियाई हत्तींच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाचे ते सहाध्यक्ष होते. नोव्हेंबर २०२० मध्ये ते वारले. बेळगावच्या किती शाळकरी मुलांना त्यांचे नाव ठाऊक असेल, असा विचार मनात आला की वाईट वाटते.

सध्या हत्तीविषयी आपण बोलतो पुष्कळ. २०१५ मध्ये सिंधुदुर्गात माणगावच्या खोऱ्यात कर्नाटकातील शिकविलेल्या हत्तींच्या मदतीने तीन जंगली हत्ती पकडले; त्यांतले दोन कोंडलेल्या अवस्थेतच मेले. २०२५ मध्ये नांदणीच्या मठातील महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला नेली, तेव्हा कोल्हापूरपासून इकडे बेळगावपर्यंत माणसे रस्त्यावर आली. त्या वादात मी शिरत नाही. तिच्यावरील लोकांची माया खोटी नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरात ओंकार नावाने ओळखला जाणारा तरुण नर सावंतवाडीकडून गोव्याच्या पेडणे तालुक्यात उतरला. हत्ती दिसला की माणसे जमतात, आरोळ्या ठोकतात, फटाके लावतात, मोबाइल धरून पुढे पुढे जातात. कान ताठ करून, सोंड वर करून उभा असलेला हत्ती चलच्चित्रांत दिसतो, आणि त्याखाली कोणीतरी लिहिलेले असते, 'पाहा, कसा नमस्कार करतो आहे.' आमच्या फाटकाशी टाळ्या वाजविणाऱ्या मुलांची मला तेव्हा आठवण होते.

माझ्या वर्गात आता दरवर्षी एक तास मी हत्तीच्या कानांना देते. अभ्यासक्रमात तो नाही. फळ्यावर चार हत्ती काढते. माझी चित्रकला यथातथाच असल्यामुळे ते हत्ती आहेत हे आधी सांगावे लागते. मुले कोणता हत्ती काय म्हणतो ते ओळखतात. हुबळीच्या मुलांना या ज्ञानाचा उपयोग काय, असे एका पालकांनी विचारले होते. हल्याळ, कलघटगी हुबळीपासून दूर नाहीत, आणि मुलांची आजोळे तर कोठेही असतात, एवढेच मी त्यांना सांगितले.

गेल्या फणसाच्या हंगामात मामांचा फोन आला. रात्री हत्ती घरामागच्या फणसाखाली आला होता, असे ते म्हणाले. माझ्या पोटात गोळा आला. मी विचारले, मग तुम्ही काय केलेत? मामा ऐंशीच्या घरातले. त्यांनी अगदी सावकाश उत्तर दिले. "खिडकेतसून बघलंय. कान हलत होते गो बाय. म्हणान दिवो काढलो नाय, आवाज केलो नाय, आणि निजलंव. सकाळी बघलंव तर सात फणस नाय."